शिर्डीच्या आमदारकीची नोंद: कोल्हारहून एक खुले पत्र

प्रति,
मराठी वृत्तपत्रांचे संपादक, राजकीय वार्ताहर आणि निवडणूक विशेषांकांचे संपादन करणारी मंडळी यांस,



शिर्डी विधानसभा मतदारसंघ, क्रमांक २१८, १९९५ पासून एकाच आमदाराकडे आहे. राधाकृष्ण एकनाथराव विखे पाटील १९९५, १९९९, २००४, २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ या सात सार्वत्रिक निवडणुकांत इथून निवडून आले. कोल्हार बुद्रुक हे याच मतदारसंघातले गाव. नगरहून राहुरी सोडून मनमाडच्या दिशेने निघाले की आधी कोल्हार खुर्द लागते, मग प्रवरेचा पूल, आणि पूल उतरताच कोल्हार बुद्रुक व त्याला लागूनच भगवतीपूर. पुलाअलीकडचे गाव राहुरी तालुक्यात, पलीकडचे राहाता तालुक्यात. इथूनच घोटीकडे जाणारा राज्यमार्ग फुटतो आणि त्या रस्त्याने थोडे पुढे गेले की लोणी येते. आमदारांचे गाव इतके हाकेच्या अंतरावर असूनही कोल्हारच्या मतदाराला त्यांच्या तीस वर्षांच्या कारकिर्दीची सलग नोंद कुठल्याही दैनिकात एका जागी वाचायला मिळत नाही. मिळतो तो निकालाच्या दुसऱ्या दिवशीचा एक चौकोन: छायाचित्र, पक्षचिन्ह, मिळालेली मते, मताधिक्य आणि वर ‘गड राखला’ असा मथळा. तो चौकोन मतदाराला पुरत नाही, आणि तो भरण्याचे काम आपल्या हाती आहे, म्हणून हे पत्र.

या कारकिर्दीची सुरुवात १९९५ च्या मतपेटीत झालेली नाही. विठ्ठलराव विखे पाटील (१८९७–१९८०) यांनी प्रवरा परिसरातल्या शेतकऱ्यांचे भांडवल गोळा करून सहकारी साखर कारखाना उभा केला. त्याचे गाळप १९५० च्या सुमारास सुरू झाले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ या कारखान्याचे पहिले अध्यक्ष होते. उसाचा भाव, कारखान्याचे सभासदत्व, पुढे शाळा, महाविद्यालये आणि रुग्णालय यांतून या भागात घर आणि संस्था यांचे जे नाते तयार झाले, त्याला निवडणुकीच्या आकड्यांत जागा नाही. पण ते बाजूला ठेवले तर आकड्यांचा अर्थही लागत नाही. आपल्या परिचयात हा भाग बहुधा ‘सहकाराचा वारसा’ एवढ्या दोन शब्दांत उरकला जातो. कोल्हारच्या ऊस उत्पादकाला या दोन शब्दांमागे सभासदाचा भाग, तोडणीचा क्रम, उचल आणि अंतिम भाव दिसतात. परगावच्या वाचकाला काहीच दिसत नाही.

विठ्ठलरावांचे पुत्र एकनाथराव ऊर्फ बाळासाहेब विखे पाटील १९७१ पासून सलग पाच वेळा कोपरगाव मतदारसंघातून लोकसभेवर गेले. १९९१ मध्ये ते नगरमधून उभे राहिले आणि यशवंतराव गडाख यांच्याकडून हरले. त्या निवडणुकीवरून खटला झाला, गडाखांची निवड रद्द ठरली आणि प्रचारातील खोट्या विधानांबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा १९९३ चा निकाल निवडणूक कायद्याच्या अभ्यासात आजही दाखल्यासाठी घेतला जातो. १९९८ मध्ये बाळासाहेब शिवसेनेच्या उमेदवारीवर नगरमधून खासदार झाले, १९९९ मध्ये त्याच पक्षाकडून कोपरगावमधून निवडून येऊन वाजपेयी सरकारात मंत्री झाले आणि २००४ मध्ये काँग्रेसचे उमेदवार म्हणून कोपरगावमधूनच पुन्हा विजयी झाले. घराण्याचा उल्लेख करताना विजयांची यादी देऊन थांबणे आणि १९९१ चा पराभव गाळणे म्हणजे नोंद अपुरी ठेवणे. हरलेली निवडणूकही कारकिर्दीचा भाग असते, आणि या घराण्याच्या बाबतीत तर त्या पराभवानेच कायद्यात भर घातली.

आता मुख्य विषय, पक्ष. राधाकृष्ण विखे पाटील १९९५ मध्ये काँग्रेसचे उमेदवार म्हणून प्रथम आमदार झाले. त्या विधानसभेची मुदत संपण्याआधी ते शिवसेनेत गेले आणि १९९९ मध्ये नारायण राणे यांच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. १९९९ ची निवडणूक त्यांनी शिवसेनेकडून जिंकली. २००४, २००९ आणि २०१४ ला ते पुन्हा काँग्रेसचे उमेदवार होते, तर २०१९ आणि २०२४ ला भारतीय जनता पक्षाचे. म्हणजे सात निवडणुकांत काँग्रेस चार वेळा, भाजप दोन वेळा आणि शिवसेना एकदा. मतदारसंघ तोच आणि उमेदवार तोच असताना बदलत गेले ते चिन्ह.

या पार्श्वभूमीवर २००९ ते २०२४ चे चार निकाल एकाखाली एक ठेवून पाहावेत. २००९ मध्ये विखे पाटील यांना ८०,३०१ मते मिळाली आणि शिवसेनेचे राजेंद्र पिपाडा यांना ६६,९९२, अंतर १३,३०९. २०१४ मध्ये विखे पाटील १,२१,४५९, शिवसेनेचे अभय शेळके ४६,७९७, अंतर ७४,६६२. २०१९ मध्ये विखे पाटील १,३२,३१६, काँग्रेसचे सुरेश थोरात ४५,२९२, अंतर ८७,०२४. २०२४ मध्ये विखे पाटील १,४४,७७८, काँग्रेसच्या प्रभावती घोगरे ७४,४९६, अंतर ७०,२८२.

यातली मधली जोडी लक्ष देऊन वाचण्यासारखी आहे. २०१४ ला विखे पाटील काँग्रेसचे होते आणि समोर शिवसेना होती. २०१९ ला ते भाजपचे होते, शिवसेना मित्रपक्ष म्हणून त्यांच्या बाजूला होती आणि समोर काँग्रेस होती. पाट्या पूर्ण उलटल्या. तरीही विजेत्याची मते फक्त १०,८५७ नी वाढली आणि दुसऱ्या क्रमांकाची १,५०५ नी कमी झाली. पक्षाची मते पक्षाकडेच राहत असती तर हे दोन आकडे असे जवळपास जागच्या जागी राहिले नसते. शिर्डीत मतदार दोन बाजूंना विभागलेला आहे आणि त्या बाजू पक्षांच्या नाहीत, असे हे आकडे सांगतात. २०१४ पर्यंत या जागेला ‘काँग्रेसचा बालेकिल्ला’ म्हणणारे आणि २०१९ नंतर ‘भाजपचा बालेकिल्ला’ म्हणणारे मथळे दोन्ही वेळी चुकीचे होते. पहिली विनंती यातूनच येते. आमदाराच्या परिचयात पक्षाचे नाव छापताना प्रत्येक निवडणुकीसमोर त्या वेळचा पक्ष आणि त्या वेळचा मुख्य विरोधक छापावा. चार ओळींत ते बसते.

मताधिक्य एकटेच छापण्यातही असाच धोका आहे. २०२४ चे मताधिक्य २०१९ पेक्षा १६,७४२ नी घटले, म्हणून कोणी ‘विखेंची ताकद घटली’ असा अर्थ काढेल. प्रत्यक्षात त्यांची मते १२,४६२ नी वाढली. विरोधी उमेदवाराची मते मात्र २९,२०४ नी वाढली. घडले ते विरोधी बाजू एकवटण्याचे, आणि ती बातमी होती. लोणीच्याच परिसरातून एक महिला उमेदवार उभी राहते आणि पाच वर्षांपूर्वी जिथे ४५ हजार मते होती तिथे ७४ हजारांपुढे जाते, ही घटना मताधिक्याच्या एका आकड्यात दडपली गेली. उलट २००९ ते २०१४ या काळात मताधिक्य १३ हजारांवरून ७४ हजारांवर गेले, त्यामागे २०१४ ची विशेष परिस्थिती होती. सप्टेंबर २०१४ च्या अखेरीस दोन्ही युत्या मोडल्या आणि चारही मोठे पक्ष वेगवेगळे लढले, त्यामुळे विरोधी मते वाटली गेली. तरीही विखे पाटील यांची स्वतःची मते ४१ हजारांनी वाढली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि वाचकाला दोन्ही कळायला हव्यात.

जुन्या निकालांशी तुलना करताना आणखी एक काळजी घ्यायला हवी. २००८ च्या पुनर्रचनेत मतदारसंघांच्या सीमा बदलल्या. आजच्या शिर्डी मतदारसंघात राहाता तालुक्याचा मोठा भाग आहे, सगळा तालुका नाही. पुणतांबा महसूल मंडळ कोपरगाव मतदारसंघात आहे. उलट संगमनेर तालुक्यातले आश्वी मंडळ शिर्डीत आहे. म्हणून ‘राहाता तालुक्याचा कौल’ हा शब्दप्रयोग विधानसभेच्या निकालासाठी बिनचूक नाही, आणि १९९५ ते २००४ चे मताधिक्य २००९ नंतरच्या मताधिक्याशेजारी ठेवून वाढ किंवा घट सांगणेही बरोबर नाही. आश्वीचा शेतकरी तहसिलीच्या कामाला संगमनेरला जातो आणि आमदार म्हणून शिर्डीच्या आमदाराकडे पाहतो. पुणतांब्याचे याच्या उलट. ही गुंतागुंत वाचकाला समजत नाही असे आपण गृहीत धरू नये. त्याला ती रोज जगावी लागते.

लोकसभेच्या बाबतीत घोळ याहून मोठा आहे. शिर्डी लोकसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेने झाला आणि तो अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. अकोले, संगमनेर, शिर्डी, कोपरगाव, श्रीरामपूर आणि नेवासा हे विधानसभा मतदारसंघ त्यात येतात. विखे पाटील यांचे पुत्र सुजय विखे पाटील हे मात्र नगर दक्षिणेतून, म्हणजे अहमदनगर लोकसभा मतदारसंघातून लढले: २०१९ मध्ये २,८१,४७४ मतांनी जिंकले आणि २०२४ मध्ये निलेश लंके यांच्याकडून २८,९२९ मतांनी हरले. यांपैकी कोणत्याही निकालात कोल्हार बुद्रुकच्या मतदाराचे एकही मत नव्हते. २०२४ चा पराभव ‘विखेंच्या घरच्या मैदानावर’ झाला असे लिहिणाऱ्याने नकाशा पाहिलेला नसतो. वडिलांचा मतदारसंघ आणि मुलाचा मतदारसंघ एकमेकांना भिडलेले असले तरी वेगळे आहेत, ही ओळ प्रत्येक परिचयात हवी.

२०१९ चा घटनाक्रम तर महिन्यांच्या नोंदीशिवाय समजतच नाही. २०१४ च्या निवडणुकीनंतर सुरुवातीला शिवसेना विरोधी बाकांवर होती आणि एकनाथ शिंदे विरोधी पक्षनेते होते. डिसेंबर २०१४ मध्ये शिवसेना सरकारात गेली. काँग्रेसकडे ४२ आणि राष्ट्रवादीकडे ४१ आमदार होते. एका जागेच्या फरकाने विरोधी पक्षनेतेपद काँग्रेसकडे आणि त्या पक्षातून विखे पाटील यांच्याकडे आले. मार्च २०१९ मध्ये सुजय विखे भाजपमध्ये गेले. ४ जून २०१९ रोजी राधाकृष्ण विखे पाटील यांनी आमदारकीचा राजीनामा दिला आणि १६ जूनला, म्हणजे बारा दिवसांनी, ज्या सरकारला विरोधी पक्षनेते म्हणून त्यांनी प्रश्न विचारले होते त्याच सरकारात ते गृहनिर्माण मंत्री झाले.

इथे कायदा थोडक्यात समजावून सांगणे वृत्तपत्रांचे काम होते. संविधानाची दहावी अनुसूची १९८५ मध्ये आली. तिच्यानुसार स्वतःहून पक्ष सोडणारा आमदार अपात्र ठरू शकतो. २००३ च्या दुरुस्तीने एक-तृतीयांश फुटीची सवलत काढून टाकली आणि अपात्र ठरलेल्याला मंत्री होण्यासही मर्यादा घातली. पण पक्ष सोडण्याआधीच आमदारकी सोडली तर अपात्रतेचा प्रश्न सभागृहापुढे राहत नाही. आणि अनुच्छेद १६४(४) नुसार सभागृहाचा सदस्य नसलेली व्यक्ती सहा महिन्यांपर्यंत मंत्री राहू शकते. सहा महिने संपण्याआधी ऑक्टोबर २०१९ ची निवडणूक झाली आणि ते नव्या चिन्हावर निवडून आले. हे पाऊल कायद्यात बसणारे होते, हे सांगावे. पक्षांतरबंदी ज्या हेतूने आणली त्या हेतूशी ते किती जुळते, याची चर्चाही व्हावी. ‘पक्षांतर’ या एका शब्दाखाली टाळी किंवा शिवी एवढेच छापले गेले तर कायदा कुणालाच कळत नाही. राजीनामा आणि निवडणूक यांच्यामधल्या त्या साडेचार महिन्यांत शिर्डीला सभागृहात आमदारच नव्हता, मंत्री मात्र होता. ही बाब मतदारसंघाच्या नोंदीत लिहिलेली कुठे आढळत नाही.

शेजारचे दोन दाखले सोबत ठेवले तर ही नोंद कशी वाचावी हे उमगते. संगमनेरचे बाळासाहेब थोरात १९८५ मध्ये अपक्ष म्हणून निवडून आले, मग काँग्रेसमध्ये गेले आणि १९८५ धरून सलग आठ निवडणुका जिंकून २०२४ मध्ये शिवसेनेचे अमोल खताळ यांच्याकडून १०,५६० मतांनी हरले. सांगोल्याचे गणपतराव देशमुख शेतकरी कामगार पक्ष न सोडता अकरा वेळा आमदार झाले आणि मध्ये हरलेही. तिघांची गोष्ट ‘दीर्घकाळ आमदार’ या एकाच रकान्यात बसवली जाते. एकाच पक्षात राहून टिकणे, पक्ष बदलत टिकणे आणि टिकता टिकता एका वर्षी पडणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिन्हींची कारणे आपापल्या तालुक्यात शोधावी लागतात. याचबरोबर ‘कितव्यांदा निवडून आले’ हे लिहिताना सार्वत्रिक आणि पोटनिवडणुका वेगळ्या मोजून लिहाव्यात.

कामाची नोंद हा सर्वांत दुबळा भाग. विखे पाटील यांच्याकडे निरनिराळ्या सरकारांत परिवहन, कृषी व पणन, गृहनिर्माण, महसूल, पशुसंवर्धन व दुग्धविकास ही खाती होती आणि डिसेंबर २०२४ पासून जलसंपदा विभागातील गोदावरी व कृष्णा खोरे विकास महामंडळांचा कारभार आहे. मंत्री तारांकित प्रश्न विचारत नाही, लक्षवेधी मांडत नाही. तो उत्तर देतो. म्हणून ‘पाच वर्षांत विचारलेले प्रश्न: शून्य’ अशी आकडेवारी मंत्र्याच्या नावापुढे छापणे दिशाभूल करणारे आहे. त्याच्या खात्याने काढलेले निर्णय, ठेवलेली विधेयके आणि दिलेली उत्तरे मोजायला हवीत. विरोधी पक्षनेता असतानाच्या काळाचे मोजमाप वेगळे, साध्या आमदारकीच्या काळाचे वेगळे.

पाण्याचे उदाहरण घ्यावे. कोल्हारच्या बाजूचे बागायत प्रवरेच्या डाव्या कालव्यावर उभे राहिले, आणि त्या कालव्याला पाणी देणारे भंडारदरा धरण १९२६ चे. जिरायती गावांसाठीचा निळवंडे प्रकल्प १९७० च्या सुमारास मंजूर झाला. डाव्या कालव्यात चाचणीचे पाणी ३१ मे २०२३ रोजी सोडले गेले आणि पंतप्रधानांच्या हस्ते लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले. त्रेपन्न वर्षांत काँग्रेस, शिवसेना, भाजप, राष्ट्रवादी अशा सगळ्यांची सरकारे येऊन गेली. लोकार्पणाच्या दिवशीच्या बातमीत श्रेय एका बाजूला आणि दोष दुसऱ्या बाजूला टाकलेला होता. कोणत्या वर्षी किती निधी मिळाला, धरण आधी आणि कालवे इतके मागे का राहिले, मतदारसंघाचा आमदार त्या त्या वर्षी सत्तेत होता की विरोधात, या तीन रकान्यांचे एक कोष्टक सगळ्या भाषणांपेक्षा जास्त सांगेल. आवर्तनाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला ते कोष्टक वाचायला कुणाची मदत लागणार नाही.

नगर-मनमाड रस्त्याचेही तसेच. कोल्हारच्या पुलावरून जाणारा हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे. त्याच्या खड्ड्यांचा जाब आमदाराला विचारायचा, खासदाराला की केंद्राच्या खात्याला, हे बातमीत स्पष्ट नसते. परिणामी प्रत्येक निवडणुकीत तोच खड्डा प्रत्येकाच्या भाषणात येतो आणि कोणाच्याच खाती पडत नाही. कोणते काम कोणाच्या अधिकारातले, एवढी एक ओळ बातमीला जोडावी.

शेवटची विनंती कागदाबद्दल. विधानसभेच्या प्रत्येक निकालानंतर निवडणूक निर्णय अधिकारी नमुना २० तयार करतात. आडव्या पानावर डावीकडे मतदान केंद्राचा क्रमांक, पुढे प्रत्येक उमेदवाराचा रकाना, मग एकूण वैध मते, नाकारलेली मते, ‘नोटा’ आणि शेवटी प्रदत्त मते. कोल्हार बुद्रुक आणि भगवतीपूर यांची केंद्रे त्या यादीत एकाखाली एक येतात. त्या ओळींवर बोट फिरवले की गावाने पाच वर्षांपूर्वी काय केले आणि या वेळी काय केले हे कळते, एखाद्या केंद्रावर कल बदलला असेल तर तोही दिसतो. हा कागद सार्वजनिक आहे. तरीही गावनिहाय निकाल म्हणून वृत्तपत्रात छापून येते ते बहुधा पुढाऱ्यांच्या माणसांनी सांगितलेले असते. उमेदवारांच्या नमुना २६ च्या शपथपत्रांचेही तेच: मालमत्तेची बेरीज एका मथळ्यात येते, आधीच्या निवडणुकीतल्या शपथपत्राशी तुलना येत नाही. पुढच्या निवडणुकीच्या आधी प्रत्येक जिल्हा आवृत्तीने आपापल्या मतदारसंघांचे २००९ पासूनचे नमुना २० आणि शपथपत्रे समोर ठेवून, पक्ष, विरोधक, मते, खाती, पक्षांतराच्या तारखा आणि मतदारसंघातली कामे अशी नोंद तयार करावी आणि निकालाच्या दिवशी तीच छापावी. शिर्डीसाठी लागणारा बहुतेक मजकूर या पत्रात आहेच.



आपला,
शिर्डी विधानसभा मतदारसंघातील एक मतदार व वाचक,
कोल्हार बुद्रुक, ता. राहाता, जि. अहिल्यानगर